दार लावून केलेलं काम

मी मूळचा शाहूवाडीकडचा. डोंगरातलं गाव, भाताची खाचरं, पाऊस लागला की अंगावरचं कापड वाळायचं न्हाय. भाऊ पुष्कळ आणि खाचर एवढंसं, म्हणून बापानं मला कोल्हापुरात मंगळवार पेठेत मामाकडं आणून सोडलं. मामा पॉलिशवाला. कपाटं, देव्हारं, लग्नातलं पलंग, असलं काम. पहिल्याच दिवशी चार लोकांत म्हणाला, चिखलातलं बेडूक आलंया बघा, आता ह्याला चमकवायला पायजे. सगळी हसली. माझं बोलणं तवापासनंच कमी. पुढं मामा गेला, त्याची गिऱ्हाइकं माझ्याकडं आली, पेठेतच दोन खोल्या घेतल्या, मागं पत्र्याचं शेड टाकलं. मग लग्न झालं आणि महादेवी घरात आली.

तुमी बोटीचं विचारलासा. कोल्हापुरात कुठली बोट म्हणाल, तर खरं हाय पावणं, बोट इथं येत न्हाय, बोटीचं लाकूड येतं. कोकणात एकजण हौशी लोकांच्या बोटी बांधायचा. त्या बोटींची दारं, टेबलं, कठड्याच्या पट्ट्या टेम्पोत घालून घाट चढून माझ्याकडं यायच्या, कारण तिकडच्या खाऱ्या दमट हवेत वार्निश नीट वाळत न्हाय, हात लावला की चिकटतं. इतकं लाकूड माझ्या हाताखालनं गेलं, पण त्यातली एक बोट मी पाण्यावर बघितली न्हाय.

लाकूड म्हणजे सागवान, न्हायतर परदेशातनं येणारं एक तांबडं लाकूड, दगडावाणी जड. त्याचं खरं नाव मला कधी म्हणता आलं न्हाय, आमी तांबडंच म्हणायचो. त्याच्या अंगात तेल लई. थिनरनं पुसून काढल्याबिगर वार्निश धरत न्हाय, सापानं कात टाकल्यागत निघून येतं. आणि रंग असता तर खालचं झाकलं असतं की, पण हे वार्निश पाण्यागत स्वच्छ, खाली एक बारीक रेघ राहिली तर उन्हात ती बोंबलून सांगती. म्हणून सगळा जीव घासण्यात. कोरं लाकूड काचपेपरनं कोरडंच घासायचं, पाणी लावलं तर रवं उठत्यात, खरखरीत हुतं. मग वार्निशचा एक हात, वाळला की परत घासायचं, परत हात, असं करत करत काचंगत व्हायचं.

घासायचं काम महादेवी करायची.

हे मी कुणाला सांगत नव्हतो. लोकं म्हणायची, ह्याच्या हातात काय तरी हाय. ब्रश माझा हुता, एवढंच. ती डोळं मिटून लाकडावरनं बोटं फिरवायची आणि म्हणायची, हितं हाय अजून. मला दिसायचं न्हाय, हाताला लागायचं न्हाय, पण तिथं असायचंच. मी बघती की, तुमी ब्रश धुवा, म्हणायची. एकदा त्यो बोटीवाला मालक स्वतः आला. म्हणाला, मिस्त्री, बघू तुमचा हात. मी पुढं केला. ती चहा घेऊन उभी हुती, नखांत घासलेल्या लाकडाची तांबडी भुकणी. त्यो गेल्यावर म्हणली, तुमचं तोंड बी घासून देऊ काय, चमकंल तरी. हसत म्हणली. मी हसण्यावारी नेलं.

आता खरं सांगायचं ते सांगतो. वार्निश ओलं असताना धुळीचा कण बसला की सगळा हात वाया जातो. म्हणून शेडात मी वार्निश मारायचो आणि ती मधल्या खोलीत घासायची. खिडकी बंद, पंखा बंद, दार लावलेलं. आणि दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं, भुकणी बाहेर येऊ नये म्हणून. ते फडकं मी कोंबायचो, बाहेरनं; तिला बाहेर यायचं असलं की ती दार वाजवायची, मग मी काढायचो. काय सांगू तुमास्नी, माझ्या लाकडावर कण बसू नये म्हणून सगळी भुकणी मी तिच्याजवळ कोंडून ठेवत हुतो. बाहेर आली की पापण्या तांबड्या, भांग तांबडा. शेजारच्या बाया चेष्टा करायच्या, काय गं, रोज कुणाकडं हळदीकुंकू असतंय?

खोकला लागला. सुरवातीला कोरडा, मग शिट्टी वाजल्यागत. डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढला आणि मला एकट्यालाच आत बोलावलं. म्हणालं, लाकडाची भुकणी छातीत बसलीया, हे काम आजपासनं बंद करा, आता थांबलं तर निभंल. मी बाहेर आलो. ती बाकड्यावर बसलेली. म्हणली, काय म्हणालं? मी म्हणलं, कफ हाय गं, हवा बदलली की जाईल.

असं का म्हणलो? शेडात एका मोठ्या बोटीचं लाकूड येऊन पडलं हुतं. तिच्याबिगर ते माझ्यानं झालं नसतं आणि ते सगळ्यांना कळलं असतं. एवढं संपलं की सांगू, असं मनाशी म्हणलो. ते संपलं, दुसरं आलं. तोंडाला बांधायचा मास्क बाजारात मिळतो, मला म्हाईत हुतं. मी आणला न्हाय. आणला असता तर तिनं विचारलं असतं, आत्ताच का म्हणून.

आणि एक दिवस मी टेबलाच्या मोठ्या फळीवर शेवटचा हात मारत असताना मधल्या खोलीचं दार वाजलं. हात अर्ध्यात सोडला की जोड दिसतो, वाळल्यावर जात न्हाय. दार परत वाजलं, हळू. मी फळी पुरी केली, मग गेलो. फडकं काढलं, दार उघडलं, तर ती दाराशेजारीच भिंतीला पाठ लावून खाली बसलेली, ओठ निळं पडलेलं.

वाचली. पण छाती गेली ती गेलीच. आता खाटंजवळ मशीन हाय, नाकात नळी हाय. बोटीचं काम मी बंद केलं. तिचं सगळं मीच करायला लागलो, भरवायचं, वेणी घालायची, अंग पुसायचं. शेजारच्या बाया बघून म्हणायला लागल्या, महादेवी, नशीब काढलंस बाई, असा नवरा कुणाला मिळतो. ती मान हलवायची. आणि मी कंगवा घेऊन मागं उभा.

ते सोसंना मला. परवा वेणी घालताना सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणालं हुतं ते सांगितलं. दार वाजलेलं ऐकू आलं हुतं, ते बी सांगितलं. ती वळली न्हाय. माझ्या हातातनं केस सोडवून घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून पडली. संध्याकाळ झाली तरी तशीच. मी म्हणलं, अगं शिव्या दे, पण काय तरी बोल. तवा बोलली, मधे थांबत थांबत. म्हणली, दम थोडा हाय माझ्याकडं. त्यो तुमच्यावर घालवायचा न्हाय.

आता तिची थोरली बहीण येऊन राहिलीया, अक्का. त्यांचं माहेर सीमेवरचं, घरात कानडी. आता अक्काच्या हातनं जेवती, अक्काच वेणी घालती. दोघी बोलत्यात, ल्हानपणीचं काय काय. मी बाहेरच्या सोप्यात बसून ऐकतो. इतकी वर्सं संसार केला, पण कानडी शिकलो न्हाय, त्यामुळं काय बोलत्यात ते कळत न्हाय. मधेच हसती. हसली की खोकला येतो, मी उठतो, आणि अक्का हाय म्हणून परत बसतो.

बोलू दे. जेवढा श्वास उरलाय तेवढा तिचा तिला पुरू दे. त्यातलं माझ्या वाटणीला काय बी नको.