प्रौढ नराच्या शिंगांबाबत तक्रार

दि. ३० ऑक्टोबर २०२३
ठिकाण:

मी व्हर्लिन टोलमन, वय ५४, धंदा शाळेच्या बसवर चालक, राहणार सेजफोर्ड, आयडाहो, शेरीफच्या कचेरीत आपण होऊन आलो असून डेप्युटी क्लेल यारब्रो यांच्यापुढे सांगतो की,

दि. १४ रोजी सकाळी सातच्या सुमारास मी एक प्रौढ नर हरण एका गोळीत मारले. वय अंदाजे सात वर्षे. डाव्या शिंगाचे टोक दुभंगलेले. या नराच्या मागावर मी तीन हंगाम होतो. जागा रस्त्यापासून पायी नऊ मैल आत आहे. तिथे गाडीला मज्जाव आहे.

आमच्याकडे मांस आधी उतरवतात, शिंगे शेवटी. शिंगे आधी आणणाऱ्याला तोंडावर कोणी काही म्हणत नाही, पाठीमागे म्हणतात. शिकारीच्या परवान्यासोबत मिळणारा नावाचा टॅग नियमाप्रमाणे मांसाच्या मोठ्या वाट्याला बांधावा लागतो. तो बांधून मी पहिले ओझे त्याच दिवशी खाली आणले, दुसरे दुसऱ्या दिवशी. डोके पाइनच्या फांदीला उंच टांगले होते. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दोरी होती, डोके नव्हते. दोरी कापलेली नव्हती. गाठ सावकाश सोडवलेली होती.

दि. २६ रोजी ते डोके गावातल्या शिकारी सामानाच्या दुकानात भिंतीवर दिसले. शिंगाला गावातलेच शिकारी डॅरेल हॉक्सी यांचा टॅग, खाली पाटी: 'तलावाजवळ, रस्त्यालगत'. हॉक्सी तिथेच कॉफी पीत होते. बोलणे झाले ते असे.

"डॅरेल, हा माझा नर आहे."

"हो का? मग तुझा टॅग कुठंय?"

"मांसाला. फ्रीझरमध्ये."

"मग मांस खा आणि गप बस. हा मी तलावाजवळ टिपलाय. पाटी वाचता येते ना, की नुसतं स्टेअरिंगच फिरवता येतं?"

"तलावाजवळ गेल्या दहा वर्षांत बदकाशिवाय काही मेलेलं नाही."

दुकानदार हसला. कोणाच्या बाजूने, ते कळले नाही.

आज डेप्युटींनी विचारले, "मारलास कुठं?"

"डोंगरात."

"अरे, अख्खी काउंटी डोंगरात आहे!"

"उत्तरेकडच्या उतारावर."

"कुठल्या डोंगराच्या?"

"ज्याला उत्तरेला उतार आहे त्या."

"व्हर्लिन, तिथं हाडं असतील, आतडी असतील. जागा दाखवलीस की हॉक्सी खोटा पडलाच. शिंगं तुझी. बोट ठेव बघू."

असे म्हणून त्यांनी नकाशा पुढे सरकवला. नकाशा मी येण्याआधीपासून टेबलावर उघडा होता आणि डेप्युटी स्वतः दर हंगामाला शिकारीला जातात, याची नोंद व्हावी. नोंद करण्यास डेप्युटींनी नाखुशी दाखवली.

जबाब मागेल त्याला वाचायला मिळतो का, असे मी विचारले. मिळतो, असे ते म्हणाले.

हॉक्सी यांनी पाटीवर ठिकाण खोटे लिहिले. सबंध प्रकरणात एवढे एकच काम त्यांनी सभ्य माणसासारखे केले, हे कबूल करावे लागते. मी नर मारला त्या दरीत दुसरा एक नर आहे, वय चार. अजून दोन-तीन वर्षे त्याला कोणी हात लावता कामा नये. ती दरी मी आणि हॉक्सी, आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक नाही. माझ्या पत्नीलाही नाही. जबाबात दरीचे नाव आले तर पुढच्या ऑक्टोबरात तिथे पन्नास तंबू पडतील. सबब शिंगांबाबतची तक्रार मी मागे घेत आहे. माझा गुडघा आणखी दोन-तीन वर्षे चालेल काय, हा या तक्रारीचा विषय नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. 'ठिकाण' या शब्दापुढे काही लिहिलेले नाही. तेही माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे.

सही: व्ही. टोलमन