सावंतकाकूंनी यंदा काय सोडलं

अरे, आमच्या नवघरच्या बिल्डिंगमधल्या सावंतकाकू दिसल्या ना, की मी आता सरळ वाकून नमस्कार करतो. त्याचं काय झालं, झोप नीट लागावी म्हणून मी महिनाभर कॉफी बंद केली होती. डोकं असलं ठणकायचं की लिफ्टमध्ये काकू आणि त्यांची सून भेटल्या, तर त्यांनाही रडगाणं ऐकवलं.

काकू म्हणाल्या, "मी पण चातुर्मासात काहीतरी सोडतेच."

"यंदा काय, वांगं?"

"वांग्याचं काय एवढं! यंदा सुनेला टोमणे मारणं सोडलंय."

मी थक्क! "काकू, त्रास नाही होत?"

"होतो तर! पहिला आठवडा माझं डोकं नुसतं ठणकत होतं." मग सुनेकडे बघत म्हणाल्या, "हिचं मात्र पहिल्याच दिवशी थांबलं."