बोकडानं अंग झाडलं

— न्हाई न्हाई, बसा पाव्हणं, तुमची भाजी येगळ्या चुलीवर केलीय, माळकरी माणूस म्हून. मी? मी कामून जेवत न्हाई? जेवतो की. मी कुठला माळकरी — दर ऐतवारी कोंबडी लागती मला, मान बी मीच मुरगळतो. आन् बैल मेला तवा तीन दिस चूल पेटू दिली न्हाई घरात. हासू नका — तुमी तरी दूध पिताच की. ह्यो बोकड त्याच दुधाच्या शेळीचा. शेळी जल्मली असती तर दुधाला ठिवली असती. बोकड जल्मला, म्हून सटवाईच्या नावानं सोडला.

नवस बायनाबाईचा — माझी मालकीण हो, ती काय तिथं वाढायलीय. नातू परभणीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत बारा दिस व्हता. जीवन नाव त्याचं. ही मनली, सटवाई, पोरगं ठिव, बोकड देते. पोरगं वाचलं. आज जावळ काढलं त्याचं, सगळं पेडगाव जेवायलंय. बोकड पोसला कुणी? मीच — दीड साल, हातानं पाला चारून.

सकाळी तुमी नव्हता, तुमाला काय ठाव — आमची रीत हाय, बोकडावर पाणी टाकायचं, त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतला. न झाडता कापायचा न्हाई. तर ह्यो नुसता उभा. तांब्यावर तांब्या वतला — उभाच, आन् माझ्याकडं बघायलाय. अर्धा घंटा! बाया कुजबुजायल्या, देवी नको मनायली, पोराचं काय खरं न्हाई. सून रडायली. मग मी गेलो फुडं, हळूच कानामागं खाजवलं — रोज खाजवायचो हो गोठ्यात, खाजवलं की लगेच अंग झाडायचा, लय आवडायचं त्याला. झाडलं. लोक वरडले — कौल दिला, कौल दिला!

कुणी दिला? देवीनं? देवी कुठं व्हती तिथं, मी व्हतो. त्याला वाटलं आसंल, झालं, आता घरी जायचं. आन् देवीनं घेतलाच नसंल तर त्या लेकराचं — न्हाई, त्ये बोलायचं न्हाई. बायनाबाईला कळू देऊ नका, गळ्याची आन हाय तुमाला. मी न्हाई खाल्लं तर कळंल तिला, बराबर कळंल —

आली. व्हय गं, वाढ की. काळीज हाय का? वाढ, वाढ, अजून वाढ.

पाव्हणं, तुमी तिकडं तोंड करून बसा. माझ्याकडं बघू नका.