आधी जग वाचू दे, मग चहा

“तिला कुठे कळतात असले सुपरहिरोंचे सिनेमे? इराला सांभाळायला बसलीय ती,” स्वयंपाकघरात जाऊबाई सासूबाईंना म्हणाल्या. रिकामे कप घेऊन मी दारातच उभी होते. अहो, मी आधीचे सगळे भाग बघितलेत. लग्न होऊन जयपूरला आल्यावर पहिल्यांदाच माझ्या आवडीचं काही लागलं होतं, तर चहासाठी तीनदा उठवलं. दर वेळी परत आले की जाऊबाईंची सात वर्षांची इरा सांगायची, “काकू, मतलब अजून एक बिल्डिंग गिरली.”

नायक पुलाखाली अडकला आणि नेमका भाऊजींनी चौथा चहा मागितला. इराने माझी ओढणी धरली. मी बसल्या जागेवरून म्हणाले, “भाऊजी, जग वाचलं की ठेवते. तोवर हवाच असेल तर साखरेचा डबा डावीकडे आहे.”