कंपनीचा स्टँड आणि आमची सही

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय यशवंतराव, व्यासपीठावरचे कंपनीचे मोठे साहेब, आज निवृत्त होणारे विक्री अधिकारी उद्धवराव, माझे एजंट बंधू आणि दाटीवाटीनं बसलेल्या भगिनींनो, नमस्कार. मी इंदुताई, या कंपनीच्या शिलाई मशीनची पिंपरीतली एजंट. उद्धवरावांविषयी चार गोड शब्द बोला, असा निरोप होता. गोड बोलेनच, पण खरंही बोलेन.

आमच्या करारात अट होती, मशीन विकायचं ते कंपनीच्याच स्टँडसकट. आता मला सांगा, आपल्याकडे घरटी एक फिटर नाहीतर वेल्डर! भंगारातल्या लोखंडी अँगलचा स्टँड ते कारखान्याच्या गुरुवारच्या एका सुट्टीत उभा करतात. मग त्यांच्या बायकांनी कंपनीचा विकत का घ्यावा? बहात्तर साली कासारवाडीच्या कस्तुराबाई नवऱ्यानं केलेला स्टँड हातगाडीवर घालून दुकानात आल्या. म्हणाल्या, "ताई, नुसतं मशीन द्या. स्टँड माझ्या घरचा हाय." मी दिलं, आणि बिलावरही तसंच लिहिलं. लपवाछपवी मला जमत नाही.

त्या बिलावरून कंपनीनं माझी एजन्सी काढून घ्यायचं ठरवलं. 'मी राजीखुशीनं सोडते' असा कागद घेऊन उद्धवरावच आले. माझे यजमान वारल्यानंतर त्या दुकानावरच माझी चूल पेटत होती. उद्धवरावांनी चहा घेतला, दाराकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बाई, सही करू नका. मक्तेदारीविरुद्ध नवा कायदा आलाय. असली अट दिल्लीला नोंदवावी लागते. कंपनीनं ती नोंदवलेलीच नाही."

मी दिल्लीला अर्ज धाडला. कंपनीनं मुकाट्यानं कागद मागं घेतला, अटही काढली. उद्धवरावांची बढती मात्र तेव्हापासून अडली ती अडलीच. साहेब, कारण तुम्हाला ठाऊक आहे. हे बोलायची परवानगी मी त्यांच्याकडून काल घेतली, बरं का.

आता हा टेबलावरचा नवा करार. फोटोग्राफर बोलावलाय, आम्ही एजंटांनी हसत सह्या करायच्या. मी तो सकाळी वाचला. स्टँडची सक्ती नाही म्हणे, पण कंपनीचा स्टँड नसेल तर मशीनला गॅरंटी नाही. याला सक्ती नाही तर काय म्हणायचं? कायदा कागदावर आला म्हणून कुणी आपणहून सुधारत नाही, त्याला धरून बसावं लागतं.

मी सही करणार नाही. एजन्सी गेली तर दुकान जाईल, भीती मला आजही वाटते. पण तेव्हा मला एकटीला वाचवायला एक माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊन उभा राहिला. आज आपण इथं बावीस एजंट आहोत.

उद्धवराव, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. करार मात्र, साहेब, तुमचा तुम्ही परत घेऊन जा.