कोंबडा की कोंबडी?

ग्लासगोला परतणाऱ्या बसमध्ये मंजिरीनं पुस्तक उघडलं होतं. पण पुढच्या सीटवर आजी-नातीचं मराठी सुरू झाल्यापासून पान काही उलटलं नव्हतं.

“आजी, हे ब्लेबेरी आहे. हिलवरचा जंगली ब्लूबेरी. तुझा करवंद नाही!”

“नसेना का! फोडायच्या आधी ओळखायचं. आत लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. बोल!”

“कोंबडी!”

“हा बघ, लालभडक! कोंबडा आला.”

“परत? मला कोंबडी कधी येणार? कोंबडी का नाही आला?”

“आली गं, सान्वी! कोंबडी आली. तुझ्या मराठीत कोंबड्यासुद्धा आरवतात.”

“दहा फोडले, दहा कोंबडा! फोनवर पण लिहिलंय, जंगलातले सगळेच आतून लाल असतात.”

“ते कळलं मला चौथ्यालाच.”

“ओके, लास्ट वन. मी जिंकला तर तू शनिवारी पुण्याला जायचं नाही. ख्रिसमसपर्यंत राहायचं.”

“अगं, तिकीट काढलंय बाबानं.”

“चेंज होतं! प्रॉमिस? आधी तू सांग.”

आजीनं शेवटचं फळ चिमटीत धरून उजेडात नीट न्याहाळलं. मंजिरीचा स्टॉप आला आणि गेला.

“कोंबडी,” आजी ठामपणे म्हणाली.