यिशुनच्या डुकरातला वाटा

माझ्या वडिलांनी इथे सिंगापुरात, यिशुनमध्ये शिकार केली, हे तुम्हाला खोटं वाटेल. अण्णा कुडाळकडचे. बंदी यायच्या आधी शिमगा झाला की त्यांचं अख्खं गाव पारधीला जायचं, आणि डुकराचे घरटी वाटे पडायचे.

मागे ते इथे आले, तेव्हा आमच्या ब्लॉकखाली रानडुक्कर शिरलं. सरकारी माणसं जाळं लावून उभी होती, पण डुक्कर काही झुडपातून हलेना.

"गावाच्या नावात सिंह आणि रानात वाघसुद्धा नाही, मग डुकरं माजणारच!" असं म्हणत अण्णा झुडपामागे गेले आणि अशी काही आरोळी ठोकली, की डुक्कर थेट जाळ्यात. ऑफिसर आधी ओरडला, मग हसून थँक यू म्हणाला.

तरी अण्णा जागचे हलेनात. माझ्या मुलीला म्हणाले, "त्याला विचार, वाटे कधी घालणार? डुक्कर मी उठवलंय."

तिने विचारलं. ऑफिसर म्हणाला, "नो शेअर लाह, अंकल. पोर्क गो सुपरमार्केट बाय."

अण्णा घरापर्यंत धुसफुसत आले. मी म्हटलं, "अहो, किलोभर आणून देतो, विषय संपवा."

"मटण कोणाला हवंय? वाटा गावातल्या प्रत्येक घराला मिळतो. ज्याला मिळत नाही, तो परका."

आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा अर्ज त्याच आठवड्यात पुन्हा नाकारला गेला होता.